आडात आणि पोहऱ्यात

तामिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमहून मायिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुविडैमरुदूर नावाचे एक गाव लागते. संस्कृतात त्याला ‘मध्यार्जुन’ म्हणतात. मराठी माणसाला हे गाव सहसा ठाऊक नसते. परंतु त्याचा आपल्याशी जुना संबंध आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले आणि पुढे १७९८ साली इंग्रजांनी ज्यांना गादीवरून दूर केले, ते अमरसिंहराजे अखेरच्या काळात याच मध्यार्जुनास येऊन राहिले. गावात महालिंगस्वामींचे विशाल शिवमंदिर आहे. त्या मंदिरात हाती दिवा घेतलेल्या एका स्त्रीची धातूची मूर्ती आहे. तंजावरच्या राजघराण्यातील प्रतापसिंह आपला पती व्हावा म्हणून एका स्त्रीने लक्षदीपांचा नवस केला आणि तो फेडताना त्या दिव्यांतील एक दिवा आपल्याच रूपाचा घडवून देवापुढे उभा केला, असे तेथे सांगतात.

तंजावरच्या परिसरात शतकानुशतके राहिलेल्या मराठी भाषकांवर एक पाठ लिहावा, अशी कल्पना होती. त्यासाठी काही वर्षांपूर्वी मी त्या गावी गेलो होतो. पाठ पुढे लिहिला गेला नाही. जे मनात राहिले ते निराळेच.

ज्यांच्या घरी मी उतरलो होतो, ते आजोबा ऐंशीच्या घरातले होते. दुपारचे जेवण झाले. आजोबांनी बारा-तेरा वर्षांच्या नातवाला हाक मारली, त्याच्या हातावर पैसे ठेवले आणि दोनच शब्द उच्चारले. मुलगा धावत गेला आणि पाच मिनिटांत परतला. त्याच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेली कुंभकोणमची कोवळी, पातळ विड्याची पाने होती आणि सोबत तंबाखूची पुडी. कुंभकोणमचे पान फार नावाजलेले आहे. २०२५ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कावेरीच्या गाळाच्या जमिनीत वाढणाऱ्या त्या पानाबद्दल मला काही म्हणावयाचे नाही. माझे लक्ष होते ते पुडीकडे. तमिळमध्ये तंबाखूला ‘पुगैयिलै’ म्हणतात. ‘पुगै’ म्हणजे धूर आणि ‘इलै’ म्हणजे पान. धुराचे पान! आजोबांनी पानाचा देठ खुडला, शिरा काढल्या, चुना लावला. नातू शेजारी बसून सारे पाहत होता. चुना किती लावावा, तंबाखूची चिमूट केवढी असावी, हे त्याला पाहून पाहून इतके ठाऊक झाले होते की, आजोबांचा थरथरता हात चुकला तेव्हा त्यानेच ती चिमूट सारखी करून दिली.

त्या घरात व्यसन नावाची गोष्टच नव्हती. माणसे सात्त्विक, देवभोळी. घरात मद्याचा थेंब नाही. त्या मुलाविषयी बोलताना आजोबा कौतुकाने म्हणाले, “गुणी मुलगा आहे. वाईट संगतीला जात नाही.”

‘वाईट संगत’ हा शब्द ऐकला की मला माझ्या व्यवसायातील एक अनुभव आठवतो. उत्तरपत्रिका तपासण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले आहे. ‘व्यसन : एक शाप’ हा निबंधाचा विषय आमच्या परीक्षांत फार आवडीचा. त्या निबंधांचा साचा ठरलेला असतो. एक सुस्वभावी मुलगा असतो. त्याला वाईट मित्र भेटतात. ते त्याला आधी सिगारेट, मग दारू आणि शेवटी गांजा देतात. मुलाचा सर्वनाश होतो. शेवटच्या परिच्छेदात विद्यार्थी आपणा सर्वांना व्यसनापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करावयास सांगतो आणि दहांपैकी सहा गुण मिळवतो. अशीच एक उत्तरपत्रिका उघडताना एकदा तिच्यातून तंबाखूचा अगदी ताजा वास आला होता. मी तिलाही सहा गुण दिले.

आपली भाषाही या समजुतीला खतपाणी घालते. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संगतीचा परिणाम होतो, हे खोटे नाही. किशोरवयात तर मित्रांच्या नजरेतील आपली किंमत हीच मुलाला जगातील सर्वांत मोठी किंमत वाटते. परंतु एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. वाईट संगत जर प्रत्येक मुलाला बाहेरच भेटते, तर ते वाईट मित्र कोणाच्या घरचे असतात? प्रत्येक आईबापाला आपला मुलगा पवळ्या आणि शेजाऱ्याचा ढवळ्या वाटतो. ही सोयीची समजूत आहे. तिच्यात घराला काहीच करावे लागत नाही.

मराठीत दुसरीही एक म्हण आहे, ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ या विषयाला ती मला अधिक लागू वाटते; आणि असे म्हणण्यास आधार आहे. २०१९ साली भारतभर शाळकरी मुलांमधील तंबाखूच्या वापराचे जे सर्वेक्षण झाले, त्यात १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे साडेआठ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे दिसले. मुलांमध्ये हे प्रमाण ९.६ टक्के होते आणि मुलींमध्ये ७.४. मुलीही फार मागे नाहीत, हे येथे लक्षात घ्यावे. याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट म्हणजे, धूररहित तंबाखू घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती वयाची दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच चाखली होती. विड्या ओढलेल्यांपैकीही जवळजवळ निम्म्यांची सुरुवात दहाव्या वर्षाआधी झाली होती. आता सांगा, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कोणती वाईट संगत असते? त्याची संगत म्हणजे त्याचे घर, त्याची आळी, त्याचे काका, मामा, आजोबा.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हे सर्वेक्षण शाळेच्या वर्गांत झाले. जी मुले त्या दिवशी वर्गात नव्हती, कारण त्यांचे शाळेत जाणेच सुटले होते, त्यांना कोणी प्रश्न विचारला नाही. हे पुस्तक हाती घेणाऱ्यांपैकी अनेकजण त्याच मुलांतून पुढे आलेले आहेत. त्यांचा अनुभव त्या आकड्यांत नाही. म्हणून त्यांच्याकडून ऐकलेली एक गोष्ट मी येथे देतो.

रविवारच्या संपर्कवर्गात एकदा हा विषय निघाला. पंचविशीचा एक विद्यार्थी पाठीमागे बसला होता. लहानपणी तो वीटभट्टीवर कामाला होता. तो म्हणाला, “सर, आमच्या भट्टीवर विडी ओढणाऱ्याला मुकादम पाच मिनिटे बसू द्यायचा. जो ओढत नाही, त्याने कशाला बसायचे? म्हणून मी बाराव्या वर्षी विडी धरली. मला विडी नको होती, बसायला हवे होते.” वर्गात कोणी हसले नाही. मी आजवर या विषयावर जे वाचले होते, त्यात ही गोष्ट कोठेच नव्हती. विडी ही त्या मुलासाठी चैन नव्हती, ती सुटी होती. ती पेटवताच तो पोरांच्या रांगेतून उठून माणसांच्या रांगेत जाऊन बसत होता. शिवाय तंबाखूने भूक मारली जाते, हेही अशा मुलांना फार लवकर कळते. ऊसतोडीच्या फडावर, रात्रीच्या हॉटेलात कपबश्या विसळणाऱ्या पोराच्या हाती, ट्रकच्या क्लीनरच्या खिशात जी पुडी सापडते, तिच्याकडे केवळ ‘वाईट सवय’ म्हणून पाहणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

माझे स्वतःचे घर तर शिक्षकाचे होते. वडील प्राथमिक शाळेत शिकवीत. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी कोपऱ्यावर एक दुकान होते. “जा रे, चार आण्यांची तंबाखू आण”, हे वाक्य मी दुसरीत असल्यापासून ऐकत आलो. आणून दिली की ती मळून देणे हेही माझेच काम. डाव्या तळहातावर तंबाखू घ्यावयाची, बोटाने चुना लावावयाचा, उजव्या अंगठ्याने रगडावयाचे, दोन थापट्या मारून धूळ उडवावयाची. वडील म्हणत, “वा! काय मळली आहे!” माझ्या अक्षराचे त्यांनी कधी इतके कौतुक केले नाही. आमच्या घरातील बायकाही सकाळी मिश्री लावीत. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दातांना लावून ओसरीवर बसणाऱ्या आजीला कोणीही व्यसनी म्हटले असते, तर गावाने त्यालाच वेड्यात काढले असते. लहान मुलींनाही दात घासावयास तीच मिळे.

मी सतराव्या वर्षी, कॉलेजच्या वसतिगृहात, तंबाखू खाऊ लागलो. त्या वेळी मला कोणी आग्रह केला नव्हता. उलट खोलीतील मित्राला मळता येत नव्हती, ती मी त्याला मळून दिली. त्याच्या आईने त्याला नंतर नक्कीच सांगितले असेल की, तुला वाईट संगत लागली. ती वाईट संगत म्हणजे मी होतो.

पुढे बावीस वर्षे माझ्या खिशात चुन्याची डबी होती. मराठी साहित्याचा प्राध्यापक म्हणून मी मुलांना संतांचे अभंग शिकवीत असे आणि तास संपताच बार भरत असे. एके दिवशी माझी पाच वर्षांची मुलगी अंगणात एकटीच खेळत होती. तिने तळहातावर थोडी माती घेतली, अंगठ्याने रगडली, दोन थापट्या मारल्या आणि खालचा ओठ ओढून ती माती आत ठेवण्याचा अभिनय केला. मी विचारले, “काय खेळतेस?” ती म्हणाली, “मी बाबा झालेय.” मी त्या दिवशी डबी फेकली, असे लिहावयास मला आवडले असते. तसे झाले नाही. तीन वेळा सोडली, दोन वेळा पुन्हा धरली. तिसऱ्या खेपेस दीड वर्ष लागले.

मद्याची गोष्ट तंबाखूहून थोडी वेगळी आहे. तंबाखूला घरात मान होता, मद्याला तो पूर्वी नव्हता. दारू पिणारा मनुष्य चोरून पिई आणि गुत्ता गावाबाहेर असे. पुण्यात दारूच्या दुकानांची संख्या वाढू लागली, तेव्हा १८८० साली नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा फुले यांनी त्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती. आज परिस्थिती अशी आहे की, दारूला लपण्याची गरज उरली नाही. लग्नाच्या वरातीत ती असते. निवडणुकीच्या प्रचारात ती असते. मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला की त्याचे मित्र ‘पार्टी’ मागतात आणि त्या शब्दाचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो.

तिरुविडैमरुदूरच्या मंदिरात त्या दीपधारिणीसमोर उभा असताना मला आपल्याकडची आषाढी अमावास्या आठवली. तिला आपण दिव्यांची अवस म्हणत असू. घरातील समया, निरांजने, कंदील घासूनपुसून पाटावर मांडावयाचे, त्यांची पूजा करावयाची, कणकेचे दिवे करावयाचे. आता तिचे लोकप्रचलित नाव ‘गटारी’ झाले आहे. श्रावणापूर्वी मांस-मद्याची हौस भागवून घेण्याचा तो दिवस. वर्तमानपत्रांत त्या दिवशी दुकानांपुढील रांगांची छायाचित्रे येतात, थट्टेचे मथळे येतात, आणि ते वर्तमानपत्र सातवीतील मूलही वाचते. त्याला दिव्यांची अवस ठाऊक नसते, गटारी ठाऊक असते. सणांतील मौजेला माझा विरोध नाही. परंतु एका पिढीने एका दिवसाचे नाव असे बदलले, तर पुढच्या पिढीने त्यातून काय शिकावे अशी आपली अपेक्षा आहे?

पित्याच्या मद्यपानाचा मुलावर होणारा परिणाम याहून खोल असतो. शनिवारचा पगार आणि शनिवारची संध्याकाळ यांचे नाते ज्या घरांनी भोगले आहे, त्यांना ते मी सांगण्याची आवश्यकता नाही. अशा घरातील काही मुले आयुष्यभर दारूला स्पर्श करीत नाहीत. काही मात्र ज्या गोष्टीचा मनापासून तिरस्कार करतात, तिच्याकडेच दुःखाच्या वेळी वळतात. कारण दुःख झाल्यावर काय करावयाचे असते, याचा दुसरा नमुना त्यांनी पाहिलेलाच नसतो. त्यांना नीतीचे पाठ देऊन काय साधणार?

गांजाविषयी आपल्या समाजात फार गोंधळ आहे. साधूच्या हातातील चिलीम आपण पूज्य मानतो, होळीला आणि महाशिवरात्रीला भांगेचे कौतुक करतो आणि मुलाच्या दप्तरात गांजा सापडला की पोलिसांकडे धाव घेतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली. तथापि त्यातील व्याख्येत केवळ पानांपासून केलेली भांग येत नाही. कायद्याच्या दृष्टीने या भेदाला अर्थ असेल, चौदा वर्षांच्या मुलाला मात्र तो कळत नाही. तो म्हणतो, “हे तर झाडाचे आहे, देवाला चालते, मग अपाय कसा?” आता त्यात मोबाइलवरील चित्रफितींची भर पडली आहे. तेथे गांजा हा स्वातंत्र्याचा, कलावंतपणाचा जणू दाखलाच ठरतो. वस्तुतः मनुष्याच्या मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. विवेक आणि संयम ज्या भागाकडे असतो, तो भाग सर्वांत शेवटी पक्व होतो. अशा वयात गांजाची सवय लागली, तर स्मरण आणि अभ्यास यांवर तर परिणाम होतोच. शिवाय ज्यांच्या घराण्यात मनोविकाराचा इतिहास आहे, अशांना गंभीर मानसिक आजाराचा धोकाही वाढतो. ‘झाडाचे’ तर धोत्र्याचे फळही असते.

मग दुकानदार निर्दोष आहे काय? मुळीच नाही. २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूचे पदार्थ विकणे गुन्हा आहे. शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत ते विकता येत नाहीत. २०१५ च्या बालन्याय कायद्यात तर मुलाला मद्य अथवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. महाराष्ट्रात २०१२ साली आणि तामिळनाडूत २०१३ साली गुटख्यावर बंदी आली. तरीही २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाला, ओठात दडवून ठेवण्याच्या तंबाखूच्या लहान पुड्या शाळकरी मुलांपर्यंत कशा पोहोचतात, याची चिंता व्यक्त करावी लागली. सुटी सिगारेट हेही असेच एक दार आहे. संपूर्ण पाकीट घेण्याइतके पैसे मुलाजवळ नसतात. एका सिगारेटीइतके असतात. पाकिटावरील रोगाचे चित्रही त्या एका सिगारेटीसोबत येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२० साली सुट्या विड्या-सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली, हे योग्यच झाले. ती किती पाळली जाते, हे कोणत्याही टपरीवर जाऊन पाहावे. जाहिरातीला बंदी आहे, म्हणून त्याच नावाची वेलची, त्याच नावाचा सोडा पडद्यावर येतो आणि ज्या नटाला मुले देव मानतात, तोच तो विकतो. या नटांना पैशाची काय ददात असते, हे मला कधीच उमगलेले नाही.

दुकान बंद झाले की सारे सुटते, असेही नाही. राजाजींनी १९३७ साली सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली. पुढे ती सगळ्या मद्रास प्रांतात आली. १९७१ मध्ये ती उठली, पुन्हा लागली, पुन्हा उठली आणि २००३ पासून तेथे राज्य शासनाचे महामंडळच किरकोळ दारू विकू लागले. २०२३ साली त्यातील पाचशे दुकाने बंद करण्यात आली. दुसऱ्याच वर्षी कळ्ळकुरिची येथे विषारी दारूने साठांहून अधिक माणसे दगावली. आपल्याकडे चंद्रपूरला २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी मात्र टिकून आहे. त्यामागे गावोगावच्या स्त्रियांचा रेटा होता आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्यासारख्यांचे दीर्घ परिश्रम आहेत. २०१६ पासून तेथे ‘मुक्तिपथ’ या नावाने दारू आणि तंबाखू या दोहोंविरुद्ध गावपातळीवर काम सुरू झाले. तंबाखूला त्यांनी दारूच्या पंक्तीला बसवले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपण तिला नेहमीच घरच्या माणसासारखी सूट दिली आहे.

आइसलँड या लहानशा देशाचे उदाहरण येथे आठवते. १९९८ मध्ये तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले महिन्यात एकदा तरी मद्य पिऊन धुंद झालेली असत. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणारी मुले २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. तेथील लोकांनी मुलांना व्याख्याने देण्यावर भर दिला नाही. त्यांनी आधी मुलांनाच विचारले, की तुम्ही संध्याकाळी काय करता, कोणाबरोबर असता, आईबापांशी किती वेळ बोलता? मग खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांसाठी कुटुंबांना पैसे दिले. हिवाळ्यात रात्री दहानंतर लहान मुलांनी एकट्याने बाहेर फिरू नये, असा नियम केला. आईवडिलांनी एकमेकांशी लेखी करार केले. आपल्या देशाची त्याच्याशी तुलना करता येणार नाही, हे मी जाणतो. त्यांच्याकडे पैसा आहे आणि वीटभट्ट्या नाहीत. परंतु त्यांनी प्रश्न विचारण्यास सुरुवात घरापासून केली, एवढे तर आपल्यालाही परवडण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, घरातील वडीलधाऱ्यांना दोष देऊन काय होणार? त्यांना तरी कोणी सांगितले होते? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो गंभीरपणे घेतो. तंबाखू आपल्या देशात पोर्तुगिजांबरोबर आली. विजापूरहून ती अकबराच्या दरबारी पोहोचली, त्याला चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला. चारशे वर्षांत जी गोष्ट चंचीत, बटव्यात, लग्नाच्या तबकात, पाहुणचारात जाऊन बसली, तिचा दोष एका आजोबांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. माझे वडील वाईट नव्हते. ते मुखाच्या कर्करोगाने गेले, आणि शेवटच्या महिन्यांत त्यांना बोलता येत नसे, तेव्हा पाटीवर लिहून त्यांनी मला पहिल्यांदा विचारले, “तू खातोस?” मी ‘नाही’ म्हणालो. त्या वेळी मी खात होतो.

तिरुविडैमरुदूरहून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी आजोबांकडे हा विषय काढला. पाहुण्याने असे बोलू नये, हे मला कळत होते. मी पानाबद्दल काही म्हणालो नाही; केवळ एवढेच विचारले, की पुडी आणावयास नातवाला पाठवता, ते टाळता येईल का? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझे पाय चालत नाहीत.” त्यांचे म्हणणे खरे होते. मला त्यावर उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही.

परत आल्यावर पाठ्यपुस्तकाच्या कामासाठी जमलेल्या एका बैठकीत मी असे सुचवले, की ‘व्यसन : एक शाप’ हा निबंधाचा विषय आता पुरे झाला, त्याऐवजी ‘आमच्या घरातील पानाचा डबा’ असा विषय द्यावा. सहकाऱ्यांनी तो मान्य केला नाही. परीक्षेत कोणाला घरातील खाजगी गोष्ट विचारू नये, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो योग्य होता. म्हणून परीक्षेबाहेर, येथे विचारतो. तुमच्या घरी डबा, चंची, बाटली, विडीचे बंडल यांपैकी जे काही असेल, ते कोणत्या फडताळात असते? ते आणावयास कोण जाते? त्याचे वय काय? उत्तर वहीत लिहावे अथवा लिहू नये; ते तपासले जाणार नाही.